खारा वारा सुटण्याआधी

आमची मारुती 800 ही 1998 सालची. रंग लाल, म्हणजे आरसी बुकात लाल. प्रत्यक्षात बॉनेट आणि टप उन्हाने फिकट गुलाबी झाले होते, हात फिरवला की तळव्याला लालसर भुकटी लागायची आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजाने आतून पोखरल्या होत्या. समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवर घर असलं की पत्र्याचं आयुष्य घाटावरच्या हिशोबाने मोजून चालत नाही. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने पाणी वरून येतं आणि उरलेले आठ महिने मीठ वाऱ्यावरून येतं.

गाडी रंगवून घ्यायची म्हणून गॅरेजमध्ये चौकशी केली. सांगितलेला आकडा ऐकून नवऱ्याने फोनवरून मत दिलं की तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल. हिशोबाने ते बरोबरच होतं. पण इंजिन ठणठणीत होतं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागणारं पासिंगही नुकतंच झालं होतं, आणि मला त्या गाडीची सवय आहे. शिवाय गॅरेजवाल्यांचं काम मी दोन दिवस उभी राहून पाहिलं होतं. त्यांच्याकडे हात असतो, वेळ नसतो. एक गाडी शेडमध्ये अडकली की दुसरीचा धंदा बुडतो, म्हणून खळगे भरायची पुट्टी नीट वाळायच्या आत पॉलिशपेपर आणि पेपर पुरता व्हायच्या आत प्रायमर. माझं उलटं होतं. हात अजिबात नव्हता, पण दिवाळीची सुट्टी होती आणि पुढचे सगळे रविवार होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. घरामागे लाकूडफाटा ठेवायचा मांगर आहे, स्वतःच रंगवायचं ठरवून तो रिकामा केला आणि गाडी आत घातली.

पहिला निर्णय रंगाच्या जातीचा. सिंथेटिक एनॅमल स्वस्त, गेट-ग्रिलला लावतात तोच. पण तो तासन्‌तास चिकट राहतो, आणि आमच्या परसात तासन्‌तास चिकट राहिलेल्या वस्तूवर काय काय येऊन बसेल याची यादी न केलेली बरी. दुसरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ज्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन, मिसळावा लागतो. हल्ली बहुतेक गॅरेजं हाच मारतात, कारण पॉलिश न करताही तो चकाकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी किंचित मात्राही झटका आणते. वासावरून धोका कळत नाही. त्यासाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरायचा असतो. गॅरेजातली पोरं नाकाला फडकं बांधून पीयू मारताना दिसतात तेव्हा मला त्यांच्या मालकाला प्रयोगशाळेत उभं करून एक तास घ्यावासा वाटतो. घरच्या घरी, मांगरात, पीयू मारायचा विचार मी तिथेच सोडला. ज्यांना चकाकीचा मोह आवरत नाही त्यांनी गाडी गॅरेजातच द्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

राहिला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुने पेंटर त्याला अजून ड्यूको म्हणतात. ड्यूपाँ कंपनीने 1920 च्या दशकात या नावाने तो मोटारींसाठी बाजारात आणला. त्याआधी मोटारींना ब्रशने वार्निशचे थर चढवत आणि सगळं वाळून गाडी बाहेर पडायला आठवडे जात. एनसी मिनिटांत वाळतो, आणि कारखान्यांची ती सगळी अडचण त्याने सोडवली. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ होतो. नायट्रोजनचं प्रमाण आणखी वाढवलं की त्याचंच गनकॉटन, म्हणजे स्फोटक. नेलपॉलिशमध्येही हाच असतो, हे सांगितलं की अकरावीचा वर्ग पाच मिनिटं तरी जागा होतो. एनसीचे तोटे आहेत. तो पॉलिश केल्याशिवाय चमकत नाही, पीयूच्या आधी फिका पडतो, त्यावर पेट्रोल सांडून राहिलं तर डाग पडतो. पण तो दहा-पंधरा मिनिटांत बोटाला लागेनासा होतो आणि बिघडला तर पेपर मारून पुन्हा मारता येतो. नवशिक्याला याहून जास्त काय हवं?

लालाचा लालच ठेवला. रंग बदलला असता तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागली असती, आणि दाराच्या चौकटी, डिकीची आतली बाजू हे सगळंही रंगवावं लागलं असतं. मारुती मंदिराजवळच्या रंगाच्या दुकानात पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण काढून घेऊन गेले. दुकानदार झाकणाची बाहेरची बाजू मशीनसमोर धरायला लागला. त्याला म्हटलं, दादा, आतली बाजू बघा, बाहेरची पंचवीस वर्षं उन्हात आहे. आतला लाल बघून तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, असा लाल हल्ली रस्त्यावर दिसत नाही." रंग साडेतीन लिटर घेतला, थिनर त्याहून जास्त. एनसीत रंगाइतकाच थिनर घालावा लागतो आणि गन धुवायला लागतो तो वेगळाच.

रंग लावण्याआधी गाडीवर आधी काय लावलेलं आहे हे कळायला हवं, आणि हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडला. पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन प्रत्येक पत्र्याचा कोपरा घासायचा. कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग ढिम्म हलत नाही. टप, बॉनेट, उजवी दारं, सगळीकडे कापड मळलं तेवढंच. डाव्या पुढच्या मडगार्डवर मात्र कापड लालभडक झालं, म्हणजे ते कधीतरी एनसीने रंगवलेलं. आणि डिकीच्या दाराच्या खालच्या पट्टीवर थिनर लागताच रंग सुरकुतला आणि उचलला गेला, म्हणजे तिथे कुणीतरी एनॅमल फासलेलं. त्यावर सरळ एनसी मारला असता तर सगळीकडे असाच फुलून वर आला असता, म्हणून ती पट्टी पार पत्र्यापर्यंत खरवडून काढली. मग फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरले. डाव्या मडगार्डवर तो टिकेचना, घसरून खाली पडायचा. खरवडल्यावर आत जवळपास अर्धा सेंटिमीटर जाडीची पुट्टी निघाली. गाडी आम्ही घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी "एक ओरखडा नाही" असं छातीठोक सांगितलं होतं.

गाडी उघडी करायला लागणारा वेळ मी धरलाच नव्हता. बंपर, दिवे, दारांच्या मुठी, नंबरप्लेट, वायपर. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू श्रीखंडाच्या वेगवेगळ्या डब्यांत, वर चिकटपट्टीवर नाव. काचेभोवतीचं रबर काढायला मी धजावले नाही, कारण जुनं रबर काढताना काच तडकते असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. त्यावर शहरातल्या एका म्हाताऱ्या पेंटरने सांगितलेली युक्ती अशी: रबराच्या पातळ कडेखाली सुतळी सरकवत काचेभोवती फिरवायची. कड उचललेली राहते, रंग तिच्या खालीपर्यंत जातो आणि नंतर सुतळी ओढून घेतली की रबर आपल्या जागी बसतं. एवढं सांगून ते म्हणाले, "ताई, रंग कुणीही मारेल. पत्रा करा." बाकी काही विचारलं तर एवढंच.

तर पत्रा. मागच्या कमानींचा गंज 80 नंबरच्या पेपरने आणि तारेच्या ब्रशने काढत गेले, तेव्हा उजवीकडे बोट आत जाईल एवढं भोक पडलं. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घेतला. ते काम मी केलं नाही, वेल्डर बोलावला. भोकावर जाळी चिकटवून पुट्टी थापायची पद्धत आहे, पण पुट्टी हा पत्रा नव्हे, आणि आमच्या हवेत ती एक पावसाळा जेमतेम काढते. खळग्यांमधला न निघणारा गंज फॉस्फोरिक आम्लाच्या रस्ट कन्व्हर्टरने काळा केला. तांबूस लोह ऑक्साइडाचं काळपट लोह फॉस्फेट होताना डोळ्यांसमोर दिसतं. उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर दिला, ब्रशने, कारण त्याच्याही हार्डनरचा फवारा मला नको होता. लगेच म्हणजे त्याच दिवशी. इथे घासून चकचकीत केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक असते.

पुट्टीसोबत हार्डनरची छोटी ट्यूब येते. प्रमाण शंभराला साधारण दोन. जास्त घातली की लवकर आवळते हे खरं, पण उरलेला हार्डनर पुढे वरच्या रंगाला डाग पाडतो. काचेच्या तुकड्यावर पट्टीने दाबत दाबत कालवायची. फेटली तर हवा शिरते आणि पेपर मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, त्याहून जास्त नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तो दहा मिनिटांत पट्टीला चिकटून दगड होतो. आणि वाळल्यावर पुट्टीला पाणी लावायचं नाही. पुष्कळ ठिकाणी पाणी ओतत पेपर मारतात, धूळ उडत नाही म्हणून. पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषून घेते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येतं. कोरडाच पेपर, 80, मग 120, मग 220, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी मारला तर बोटांच्या जागी चर पडतात. धूळ पांढरी, पिठूळ, सगळीकडे. शेजारचे भाऊकाका कुंपणावरून डोकावून म्हणाले, "वैनी, गाडी रंगवताय की चक्की काढलीत?"

पत्रा सपाट झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पुट्टीचा राखाडी, प्रायमरचा तपकिरी, जुना लाल, असे पट्टे पट्टे असताना डोळा फसतो. हाताला कळतं, पण तेही बोटांच्या टोकांना नाही. अख्खा तळहात सपाट ठेवायचा, मध्ये पातळ सुती कापड घ्यायचं म्हणजे घर्षण कमी होतं, आणि लांब फिरवायचा, चांगल्या पत्र्यावरून दुरुस्त जागेवर आणि पुन्हा चांगल्यावर. डाव्या दारावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि काम झालं असं ठरवून टाकलं होतं. सासूबाई बघायला आल्या. त्यांना म्हटलं, आई, जरा हात फिरवून बघा. त्यांच्याच जुन्या नऊवारीचा तुकडा होता. त्यांनी डोळे मिटून हात फिरवला, मुठीच्या खाली थांबल्या, परत मागे आल्या. "इथे खळगी आहे गो. नि ही हिच्यापुढे उंचवटा." मला काहीच लागत नव्हतं. ट्यूबलाइट लावून पत्र्याच्या कडेने तिरपं पाहिलं, तेव्हाही नाही. मग दोन्ही जागी पेन्सिलीने गोल केले, वरून ठोकळा फिरवला, तर पहिल्या गोलातली पेन्सिल तशीच राहिली आणि दुसऱ्यातली पहिल्या दोन हातांत पुसली गेली. त्यानंतर प्रत्येक पत्रा आधी त्यांच्या हाताखालून जायचा. साठ वर्षं तांदूळ निवडलेल्या हाताला काय काय कळतं!

तीच गोष्ट सरफेसरनंतर, म्हणजे रंगाआधी पत्रा एकसारखा करणाऱ्या थरानंतर, दुसऱ्या पद्धतीने कळते. राखाडी सरफेसर मारून वाळला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवायचा, नुसती चिमूट टाकल्यासारखा. मग 400 नंबरचा पेपर ठोकळ्यावर घेऊन मारायचा. उंच जागेवरचा काळा आधी जातो, खोलगट जागेत ठिपके राहतात. ते ठिपके पेपरने कोरून काढायचे नसतात. ते राहिले म्हणजे तिथे अजून पुट्टी हवी. इथे एनसी पुट्टी, ज्याला आमच्याकडचे पेंटर लांबी म्हणतात, ती पातळ हात देऊन भरायची. जाड भरली तर वाळून आक्रसते. हे काम डिसेंबर उजाडेपर्यंत चाललं. लाल रंग मुळात फारसा झाकत नाही. खाली राखाडी-तपकिरी ठिगळं राहिली तर वर दिसत राहतात, म्हणून शेवटी सगळीकडे एकसारखा सरफेसर येईपर्यंत थांबावं लागलं.

आता फवारणी. कॉम्प्रेसर एक एचपीचा, भाड्याने. त्याच्या टाकीत हवा दाबली जाते तेव्हा हवेतलं पाणी सुटतं, म्हणून गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावायचा आणि टाकीच्या तळाचा कॉक मधूनमधून उघडायचा. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवल्यावर कॉकमधून चांगली पेलाभर तांबूस धार आली. गनचा हात जुन्या फ्रिजच्या दारावर बसवला. वीतभराहून थोडं कमी अंतर, मनगट वळवायचं नाही, पत्र्याच्या कडेबाहेर चाप दाबायचा आणि दुसऱ्या कडेबाहेर सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. हे फ्रिजच्या दारावर तासाभरात जमतं. टपावर जमत नाही, कारण तिथे स्टुलावर चढून, वाकून, पाईप अंगाला न लागेल असा एका हाताने धरून करायचं असतं.

खरी अडचण हवेची होती, आणि ती मला आधीपासून माहीत होती. थिनर उडून जाताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातो. पत्रा काही अंशांनी गार होतो. हवेत दमटपणा जास्त असेल तर त्या गार पृष्ठभागावर दव धरतं, ते पाणी ओल्या रंगात शिरतं, आणि नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नसल्यामुळे पांढरट साका होऊन बाहेर पडतो. लालावर पिठूळ सावली आल्यासारखी दिसते. पेंटर म्हणतात, रंग पांढरा पडला. यावर उपाय म्हणून रिटार्डर मिळतो, सावकाश उडणारा थिनर, तो थोडा मिसळायचा. पण मुख्य उपाय म्हणजे वेळ निवडणं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ओल्या-सुक्या फुग्याचा आर्द्रतामापक घरी आणून मांगरात टांगला. भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात. त्या महिन्यात मी त्यांच्या तालावर जगले. पहाटे दहिवर पडलेलं असायचं, पत्र्याला हात लावला तर ओला, आर्द्रता ऐंशीच्या पुढे. सूर्य वर आला की जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा होत जायचा, आणि साडेनऊ-दहाला आकडा पन्नाशीकडे उतरायचा. तिथपासून दुपारी बारा-साडेबारापर्यंतचा वेळ आपला. मग माडांच्या झावळ्या उलट्या दिशेला हलायला लागायच्या, म्हणजे समुद्रावरून खारा वारा सुटला. अर्ध्या तासात आकडा सत्तरीला टेकायचा. झावळ्या वळल्या की गन ठेवायची, मग दार अर्धं झालेलं असो की पाऊण.

यात एक गंमत होती. ज्याला विचारावं तो सांगायचा, रंग मारण्याआधी जमिनीवर पाणी मार, धूळ बसते. घाटावर ठीक आहे. इथे ओल्या मातीवर एनसी मारणं म्हणजे दमटपणाला घरी बोलावून पाट मांडण्यासारखं. मी आदल्या संध्याकाळी जमीन शिंपडायची आणि सकाळपर्यंत वाळू द्यायची. जांभ्याची तांबडी धूळ थोडीफार उडायचीच, पण तांबड्या रंगावर ती निदान दिसत तरी नाही.

थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरपटत लांबवर जातात. न्हाणीघरामागची पाणी तापवायची चूल मांगरापासून फार तर पंचवीस पावलांवर. फवारणीच्या दिवशी ती पेटवायची नाही, देवापुढचा दिवासुद्धा नंतर, असा नियम मी घातला. सासूबाईंनी चूल मान्य केली, दिव्यावरून बरीच बोलाचाली झाली. शेवटी रविवारची पूजा पहाटे उरकायची असं ठरलं. मी स्वतः सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क, गॉगल, डोक्याला फडकं. त्या अवतारात मला बघून पोस्टमन दारातूनच हाक मारून टपाल पायरीवर ठेवून गेला.

पहिला हात विरळ. तो बघून काळीज खचतं, कारण खालचा राखाडी सगळा दिसत असतो आणि हात आपोआप गन जवळ न्यायला बघतो. तिथेच ओघळ येतात. पाच-दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा, थोडा ओला. लालाला पाचव्या हाताशिवाय भरीवपणा आला नाही. दिवसाला एखाद-दुसरा पत्राच व्हायचा. छोटा कॉम्प्रेसर टपाच्या मध्यावर दम टाकायचा, दाब उतरला की फवाऱ्याचे थेंब मोठे व्हायचे, म्हणून प्रत्येक दोन पट्ट्यांनंतर काट्याकडे बघायचं. आणि लाईट. रविवारी सकाळी वीज गेली की दुपारपर्यंत येणार नाही हे गृहीत धरून मी पेपर मारायला बसायची.

डिकीच्या दाराला खाऱ्या वाऱ्याने गाठलंच. त्या दिवशी तो अकरालाच सुटला. शेवटचा हात मारून मागे सरले तोवर खालच्या निम्म्या भागावर ती पिठूळ सावली चढत होती, अगदी नजरेसमोर, काचेवर श्वास सोडावा तशी पण न जाणारी. पुढच्या रविवारी कोरड्या हवेत नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा त्यावर दिला. वरचा थर पुन्हा थोडा विरघळला, अडकलेलं पाणी उडालं, आणि लाल परत आला. वर्गात विद्राव्यता शिकवताना इतकं सरळ उदाहरण मला कधी सापडलं नव्हतं.

जानेवारीत भाऊकाकांच्या हापूसना मोहोर आला आणि मोहोरासोबत तुडतुडे. संध्याकाळी दिव्यावर येतात हे माहीत होतं, पण बॉनेट मारताना भरदुपारी बाराला चार-पाच जण उडी मारून ओल्या लालावर उतरले. चिमट्याने काढायला गेलं की आजूबाजूचा रंगही उचलला जातो. राहू द्यायचे, वाळल्यावर पेपर मारून काढायचे. एनसी असल्याने दहा मिनिटांत दरवाजे बंद झाले, एनॅमल असता तर अख्खी वसाहत वसली असती. भाऊकाका आपल्या कलमांवर फवारणीला पंप घेऊन निघाले होते, त्यांना हात जोडून थांबवलं. औषध उडून रंगावर बसलं तर खड्डे पडतील. ते म्हणाले, "मोहोर गळला तर पेटी तुमच्या नावावर लिहीन हो." आणि दुपारनंतर फवारणी केली.

रंग वाळला म्हणजे संपला असं नसतं. एनसी आतून आक्रसत राहतो. घाईने घासून चकचकीत केला तर पंधरा दिवसांनी खालच्या पेपरचे ओरखडे वर येतात. गॅरेजला एवढं थांबणं परवडत नाही, मला परवडलं. मग 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात, ओघळ आणि तुडतुडे सपाट करत. मग रबिंग कंपाऊंड, हाताने, मऊ कापडाने. कडांवर रंग सगळ्यांत पातळ असतो आणि तिथेच हात जास्त जोरात जातो, म्हणून दारांच्या आणि बॉनेटच्या कडांना टेप लावून ठेवली आणि शेवटी टेप काढून त्या नुसत्या हलक्या हाताने पुसल्या. दंड दुखून आले. पण भुरकट लालाखालून पहिल्यांदा आंब्याच्या फांद्यांचं प्रतिबिंब स्पष्ट दिसलं तेव्हा मी सगळ्यांना घरातून बाहेर बोलावलं.

दहा फुटांवरून गाडी झकास दिसते. दोन फुटांवरून टपावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा आहे, आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात एका तुडतुड्याचे पाय अजून आत आहेत. ते खणून काढायचे तर पुन्हा तिथपासून सुरुवात, म्हणून तो राहिला. नवरा शिमग्याला आला तेव्हा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "बरी झालीय. टप कुणी बघत नाही." सामानाचा आणि भाड्याचा मिळून खर्च गॅरेजच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिला. माझे रविवार त्यात धरलेले नाहीत, आणि धरले तर हा व्यवहार कुणालाच परवडणार नाही.

मेमध्ये कमानींच्या आतून आणि दारांच्या खालच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारायचं ठेवलं आहे, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून. वरचा रंग कितीही चांगला असला तरी इथला गंज आतून सुरू होतो. आणि भाऊकाकांनी त्यांची जुनी बजाज स्कूटर कुंपणापर्यंत ढकलत आणून ठेवली आहे. त्यांना 80 नंबरचा पेपर दिला आहे आणि सांगितलं आहे, आधी गंज तुम्ही काढा, मग आई हात फिरवून बघतील, रंगाचं त्यानंतर बोलू.